वरच्या पुलाची तार

शनिवार, १ जुलै १९७८
वरची लाइन आजही मेलेली. तिसरा दिवस. घाटाच्या पायथ्याला जांभळाचं झाड तारेवर आडवं पडलंय म्हणे, कापायला माणूस नाही. म्हणजे वरच्या पुलाच्या चौकीत नामदेव आणि शिळफाट्याच्या चौकीत मी, पाच मैलांवर बसून एकमेकांशी मुके. तो नदीतली पाण्याची उंची दाखवणारी पट्टी बघतो, मी त्याच्या फोनची वाट बघतो, आणि माझ्याकडून पुढे खालापूरच्या कचेरीत जोशी वाट बघतात. वरून काही येतच नाही तर मी त्यांना देणार काय, कप्पाळ!
तरी जोशींचा फोन दर तासाला. "वरून काही?" नाही. "बरं." रजिस्टरात 'काही नाही' असं वेळ घालून लिहीत असणार. माणूस तसाच आहे.
(पुढे नामदेवला नुसतं ना., जोशींना जो. शाई तरी वाचेल.)

मंगळवार, ४ जुलै
साहेब स्वतः जीपमधून आले. दोन वायरलेस सेट आणले. एक ना.कडे, एक जो.कडे. मला नाही. "तुम्ही मध्ये आहात, तुम्हाला कशाला?" बरं बाबा.
लाइन तुटली की सेट सुरू करायचा. मग वरची बातमी थेट खालापूरला जाणार आणि तिथून फोनने उलटी माझ्याकडे येणार. लाइन आली की सेट बंद. मी विचारलं, लाइन आली हे खालापूरला कळणार कसं? "ते तुम्ही सांगायचं. ते तुमचं काम."
बाकी सगळं जुन्यासारखंच. निरोप दोन शब्दांचा, 'फूट एक', म्हणजे पाणी एक फूट चढलं. कुठून, कोणाकडून, काही नाही. जुन्या साहेबांनी घालून दिलेली रीत, खराब लाइनीत शब्द गळतात म्हणून. एका बाजूने निरोप आला की फळ्यावर रेघ मारायची आणि दुसऱ्या बाजूला द्यायचा. "तिन्ही चौक्यांचे फळे मला सारखे दिसले पाहिजेत." हे साहेबांचं पालुपद. सहा रेघा झाल्या की मी भोंगा फिरवायचा आणि खालची वस्ती शाळेवर चढायची.
इतकी वर्षं नीट चाललंय. ना. एका टोकाला, जो. दुसऱ्या. निरोप टोकाला गेला की तिथेच संपतो. आज साहेब बोलत होते आणि मला ते पटत नव्हतं. घराला मागचं दार पाडलं की वारा येतो तसं मांजरही येतं, एवढंच डोक्यात आलं, पुढे काही सुचलं नाही.
घरी बायकोला, सुमनला सांगितलं तर हसली. "तुमाला नवीन काय आलं की पोटात दुखतंच. गॅसची शेगडी आनली तवा चार दिस सैपाकघरात पाऊल नाय टाकलं तुमी."

शुक्रवार, ७ जुलै
सुट्टी. सुकट घेऊन शांताकडे. बहिणीचं घर वस्तीत सगळ्यात खाली, मागच्या पडवीतून नदी दिसते. पाणी अजून लांब आहे. भाऊजी शेतावर. तिची सासू ओट्यावर बसून सुकट निवडत होती, निवडता निवडता निम्मी तिनेच खाल्ली.
शांताला म्हटलं, पावसाचे दोन महिने वर माझ्याकडे या. म्हणाली, "कशाला? तुजा भोंगा हाय ना. वाजला की म्हातारीला उचलू न् पळू. आख्खी वस्ती तुज्या भोंग्यावर झोपते, दादा."
चांगलं वाटायला हवं होतं. घरी येईपर्यंत तेच वाक्य टोचत होतं.

मंगळवार, ११ जुलै
जमेल तेवढं लिहितो.
सकाळी दहाला लाइन गेली. जो.नी सेट लावला. बारा वाजता माझी वरची घंटा वाजली, लाइन आली! ना.चा आवाज, "फूट एक." इतका आनंद झाला की लगेच रेघ मारली आणि जो.ना दिला. वीस मिनिटांनी परत ना., फूट एक. मारली, दिली.
मग सुरू झालं. फूट एक. फूट एक. चार मिनिटांत तिसरा, पाच मिनिटांत चौथा. बाहेर पाऊस धो धो, समोरचा टपरीवाला दिसेना. ना.चा आवाज घाबरलेला, माझा घाबरलेला. विचारायलाही सवड नाही. पाचवी रेघ. सहावी.
भोंगा फिरवला. दहा मिनिटं फिरवला, तळहात सोलला.
वस्ती चढली. पोरं, शेळ्या, डोक्यावर पिशव्या. शाळेत दोन तास ओलेचिंब बसले.
पाणी आलंच नाही.
पाऊण वाजता लाइन पुन्हा तुटली होती, तेव्हाच ते फूट यायचे थांबले.
शांताची सासू शाळेच्या पायऱ्यांवर घसरली. खुबा मोडला. कर्जतला नेलंय.

बुधवार, १२ जुलै
नदीची पट्टी बघून आला एक माणूस. काल दिवसभरात वाढ दोन फूट. दोन!
माझ्या फळ्यावर सात रेघा. जो.च्याही सात. ना.च्या नऊ.
जो. माझ्या चौकीवर आले, रजिस्टर घेऊन, छत्री उलटी झालेली. समोरासमोर बसलो. त्यांच्या रजिस्टरात प्रत्येक निरोपाची वेळ. "वसुलीला बसल्यासारखा येतोय हो, चार मिनिटांनी, पाच मिनिटांनी. नदी अशी वाढते का?"
मी पेन्सिलीने तीन ठिपके काढले. ना.कडून मला, फोन. माझ्याकडून जो.ना, फोन. जो.कडून ना.ला, सेट. तिन्ही रेघा काढल्या, त्रिकोण झाला. टोकच नाही उरलं. ना.ने सांगितलेला फूट माझ्याकडे आला, मी जो.ना दिला, जो.नी नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूला, म्हणजे सेटवर, ना.ला. ना.ला वाटलं खालापूरच्या पट्टीवर वाढला, त्याने मला. एकच फूट घाण्याच्या बैलासारखा फिरत होता आणि आम्ही तिघं दर फेरीला रेघ मारत होतो. तिघांनीही नियम पाळला.
जो. म्हणाले, "पण लाइन आल्यावर सेट बंद करायचा होता ना? मला कुणी सांगितलंच नाही."
मी म्हटलं, गडबडीत राहिलं असेल.
राहिलं असेल! मीच सांगायचं होतं. माझं काम होतं. बारा वाजता घंटा वाजली तेव्हा 'जो., सेट बंद' एवढे तीन शब्द.
जो.नी रजिस्टर मिटलं. चहाही न घेता गेले.

गुरुवार, १३ जुलै
साहेब आले. तिन्ही फळे बघितले, ना.च्या नऊ रेघा बघितल्या, आणि ठरवून टाकलं. सगळ्यात जास्त रेघा ज्याच्या, चूक त्याची. सुरुवात तिथूनच झाली, पट्टी वाचता येत नाही.
ना.ला जीपमधून खाली आणलं होतं. माझ्याच चौकीत उभा, टोपी हातात. "सायेब, म्या दोनदाच बगून सांगितलं. बाकीचं मला खालनं आलं. आईशपत." नोकरीची वर्षं भरत आलीयत त्याची. पट्टी त्याच्याइतकी कोणाला वाचता येत नाही, काठीच्या सावलीवरून फूट सांगतो.
मेमो दिला. लिहिलंय की यापुढे पट्टी दोनदा बघून खात्री झाल्यावरच निरोप द्यावा, आणि कोणत्याही कारणाने चौकी सोडू नये, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. सही केली त्याने. अक्षर वाकडं.
मी तिथेच होतो. खुर्चीवर बसून होतो. जो.ही होते, ते माझ्याकडे बघत होते.
तोंड उघडलं नाही. भीती वाटली. नोकरीची वाटली, आणि वस्तीची त्याहून जास्त. म्हातारीचा खुबा माझ्यामुळे मोडला हे शांताला कळेल याची वाटली. हे इथे तरी खरं लिहितो.

शनिवार, १५ जुलै
साहेबांना फोनवर सांगून बघितलं, निरोपात चौकीचं नाव घालू या. 'पूल, फूट एक.' म्हणजे स्वतःचाच फिरून आला तर ज्याचा त्याला कळेल. "शब्द वाढवू नका. जुन्या साहेबांनी विचार करून ठरवलंय." फिरण्याबद्दल सांगायला गेलो तर म्हणाले, "सेट नवा आहे, चूक माणसांची आहे." बरोबरच आहे. माणसाचीच आहे.
मग मी आणि जो.नी आपसात ठरवलं. साहेबांना न सांगता नाव घालायचं, ना.लाही तसं कळवलं. सेट बंद असेल तेव्हा त्याच्या तोंडावर लाल फडकं बांधलेलं, म्हणजे हात आपोआप जाणार नाही. आणि लाइन नुसती आली म्हणून लगेच खरी मानायची नाही. आली, गेली, आली, असं करते ती. पाव तास टिकली तरच सेट बंद करायला मी सांगणार, आणि तोवर मी वरच्या फोनवर आलेलं पुढे देणार नाही, फक्त ऐकणार.
जो. म्हणाले, "आणि त्या पाव तासात खरंच पाणी आलं तर?"
म्हटलं, तोवर सेटवरून तुम्हाला कळेलच. ते हो म्हणाले. पण दोघांनाही ते पटलं नाही.

मंगळवार, १८ जुलै
आज कळलं ते वाईट आहे.
ना.ने दुपारी फूट सांगितला. मी सहज विचारलं, कधी वाढला? म्हणाला, "सकाळच्याला वाढला, अर्जुनभाऊ. पर मेमो हाय ना. दोनदा बगून, परत जाऊन बगून, मंग दिला. आता चूक झाली तर घरी बसावं लागंल."
तीन तास उशीर!
म्हणजे ११ तारखेला खोटा भोंगा वाजला तो एक भाग. आता खरा असेल तर उशिरा कळणार. तो घाबरलाय आणि त्याला घाबरवलं मी. मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं, "ना., त्या दिवशी..." आणि खालची घंटा वाजली, जो. होते. मग राहिलं.
रात्री सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका की त्यास्नी. म्हातारी काय बरी होनार नाय तुमच्या गप्प बसन्यानं."

शुक्रवार, २१ जुलै
शांताकडे गेलो. सासू अजून कर्जतला, पायाला वजन बांधलंय.
वस्तीत कोणी माझ्याशी धड बोलत नाही. विहाराच्या ओट्यावर चार माणसं बसली होती, एकजण मोठ्याने म्हणाला, "आला रं भोंगेवाला, पळा!" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?
शांताने चहा दिला आणि विचारलं, "दादा, खरं सांग. तुजा भोंगा खरा की खोटा?"
सांगितलं तिला. सगळं. घंटा, तीन शब्द, ना.चा मेमो. पदराने तोंड पुसलं तिने. मला वाटलं रडेल, पण चिडली. "म्हंजी माज्या सासूला तू पाडलंस. न् शिव्या त्या गरीब मानसाला!" चहाचा कप माझ्या हातातून काढून घेतला.
दारापर्यंत आली मात्र. म्हणाली, "आता भोंगा वाजला तर वस्तीतलं कुत्रंबी हलनार नाय. मीबी नाय. तू सवता आलास, डोळ्यांनी दिसलास, तरच निघू."
मी म्हटलं, चौकी सोडून कसा येऊ? भोंगा फिरवणार कोण, फोन घेणार कोण?
"ते तुजं तू बग."

सोमवार, २४ जुलै
साहेबांना पत्र लिहिलं. दीड पान. 'दि. ११ रोजी लाइन पूर्ववत झाल्याचे खालापूर चौकीस कळविण्याचे माझ्याकडून राहून गेले. सबब श्री. नामदेव यांचा काही दोष नाही.' पाकिटात घातलं, शर्टाच्या खिशात ठेवलं.
पोस्टासमोरून दोनदा गेलो. पेटी भरलेली वाटली. काहीही कारणं.

बुधवार, २६ जुलै
दिवसभर असा पाऊस की चौकीचा पत्रा बोलू देत नाही. वरची लाइन तीनदा गेली, तीनदा आली. प्रत्येक वेळी पाव तास मोजला. जो. वैतागले. "वसईच्या गाडीसारखं झालंय हो, फडकं बांधू की सोडू?" सोडा म्हटलं. मग बांधा म्हटलं.
पाणी खरंच चढतंय. संध्याकाळी फळ्यावर तीन, तिन्ही चौक्यांच्या फळ्यांवर तीन. तिन्ही पुलाचे, नाव घालून आलेले.
पत्र अजून खिशात.

गुरुवार, २७ जुलै
(चौकीतच लिहितोय. काय केव्हा केलं ते कुठेतरी असायला हवं. मागच्या वेळी नव्हतं.)

९-१०. लाइन गेली. जो.ना सेट लावायला सांगितलं.

९-५०. आली. मोजतोय.

१०-०५. टिकली. जो.ना म्हटलं, सेट बंद. खालच्या लाइनीत नुसती खरखर. "काय? काय बंद?" दोनदा ओरडलो. हो म्हणाले असं वाटलं.

१०-२०. ना., फूट एक. चौथी रेघ. नाव नाही घातलं. विचारायच्या आत ठेवला. जो.ना दिला.

१०-२५. ना., फूट एक.
पाच मिनिटं!
रेघ मारली नाही. पुढे दिला नाही. खडू हातात धरून उभा राहिलो. ना.ला उलटा फोन. हा तुझा की खालून आलेला?
"एक माजा हाय, एक जोशी सायबांचा. आता कंचा कोनता, कसा सांगू? तुमीच सांगा, तिन्ही फळं सारखं पायजेत ना?"
पट्टी किती दाखवते?
"पट्टीचा वरचा आकडा बुडाला, अर्जुनभाऊ. पान्यात नुसता फेस हाय. अंदाजानं सांगू? मेमोत अंदाज नाय लिवलेला."
रडकुंडीला आलेला आवाज.

१०-४०. जो.शी लागत नाही. त्यांचा सेट चालू आहे हे नक्की, नाहीतर ना.ला खालून कसा आला? म्हणजे पुन्हा तेच. मी आलेला प्रत्येक फूट अडवला तर खराही अडेल. जाऊ दिला तर खोटा फिरेल. काय करू? खिडकीतून वस्तीचा धूर दिसतोय. दुपारचं रांधताहेत.
मला भीती वाटते आहे. एवढी कधी वाटली नव्हती.

१०-५५. सुचलं. इतकं साधं, ११ तारखेला का सुचलं नाही? सेट बंद करायला जो.ना ऐकू जात नाही, तर नको. सेट राहू दे. मीच माझी वरची तार काढतो. मग ना.पासून सेटने जो., जो.पासून फोनने मी. पुन्हा एकच रांग, दोन टोकं. फिरणार नाही.
ना.ला फोन केला. म्हटलं, तार काढतोय, आता मला फोन करू नको, जे काही असेल ते सेटवर जो.ना सांग, पुलाचं नाव घालून, अंदाजाने सांग, मेमो मी बघून घेईन. आणि ना., ११ तारखेची चूक माझी. तुझी नाही.
"काय म्हन्ता? आवाज नाय येत."
परत सांगितलं. पत्रा वाजत होता त्याच्याकडेही.
"नाय येत, अर्जुनभाऊ. ठेवतो. पट्टी बगून येतो, दुसऱ्यांदा बगायचीय."
स्क्रू सोडला. तार बाजूला काढून ठेवली.

११-३०. जो.चा फोन, स्पष्ट. "पूल, फूट एक." पाचवी.

११-४५. जो. "पूल, फूट एक. वसंता... माफ करा, अर्जुनराव, तो म्हणतोय जोर आहे पाण्याला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दोन शब्दांच्या पुढे निरोप दिला, आणि घाबरून मला स्वतःच्या मुलाच्या नावाने हाक मारली. सहावी.
भोंगा फिरवतो.

१२-०५. वस्तीतून एकही माणूस नाही. एक पोरगं ओट्यावर येऊन इकडे बघून आत गेलं.
जो.ना कळवलं की चौकी सोडतोय. ते म्हणाले, "नियमात..." आणि मग म्हणाले, "जा."

शुक्रवार, २८ जुलै
सगळे वाचले.
काल चिखलातून पळत गेलो, दोनदा पडलो. शांता दारातच होती. माझा अवतार बघितला, पोरींचे हात धरले आणि शेजारच्या दारावर थाप मारत निघाली. "दादा सवता आलाय! उठा!" तासाभरात वस्ती रिकामी. म्हातारी कर्जतला आहे हे बरंच झालं म्हणायचं, काय बोलतोय मी.
तीनच्या सुमारास पाणी आलं. शांताची पडवी गेली, खालची चार घरं कमरेएवढ्या पाण्यात. माणूस एकही नाही, शेळीही नाही.
आज साहेब आले, पाठ थोपटली. ओट्यावर हसणाऱ्या माणसाने माझे दोन्ही हात धरले. साहेब म्हणाले, "या वेळी नामदेवने बरोबर दिलं. मेमोचा फायदा झाला बघा."
मेमोचा फायदा! तरीही बोललो नाही. खिशातलं पत्र भिजून लगदा झालंय. पुन्हा लिहायला हवं.
ना. कुठाय?
जो. सांगतात, सेटवर शेवटचं ११-४५ ला. 'जोर आहे पाण्याला.' मग काही नाही. बॅटरी उतरली असेल. दोघांनी एकदमच म्हटलं, बॅटरी उतरली असेल.
पुलाकडचा रस्ता दरडीने बंद.

शनिवार, २९ जुलै
दोन माणसं पायी जाऊन अर्ध्या वाटेतून परतली. लांबून पूल दिसला म्हणतात, चौकीच्या बाजूचा कठडा नाही. चौकी दिसली का? एकजण म्हणतो दिसली, दुसरा म्हणतो ते झाड होतं. ना. पलीकडे ठाकरवाडीत चढला असेल असं सगळे म्हणतात. चौकी सोडली असेल तर असेल. सोडू नये असं लिहून त्याच्या सहीने कागद घेतलेला आहे.
एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तार काढतोय, फोन करू नको, हे मी सांगितलं तेव्हा 'चूक माझी' हे त्याला ऐकू आलं नव्हतं. मग तार काढतोय हेही आलं नसेल का? पावणेबारानंतर सेट मेला असेल तर तो काय करेल? फोनचं हँडल फिरवेल. फिरवत बसेल. विचारेल, अर्जुनभाऊ, सोडू का चौकी? आणि इथे घंटा वाजणार नाही, कारण तार मी काढून ठेवलेली. मी हो म्हटलं असतं. आणि मी तर बारानंतर चौकीतही नव्हतो.
तार अजून तशीच आहे. सेट चालू असताना जोडायची नाही असं कालपासून सगळ्यांना सांगतोय. सेट तर गप्प आहे. मला माहीत आहे मी का जोडत नाही.
दुपारी ना.ची बायको आली. चालत, भाचा बरोबर. बाकावर बसली, पाणी प्यायली. रडली नाही. म्हणाली, "भाऊ, मला त्यातलं काय कळत नाय. पर तुमच्याकडनं त्यांचा फोन लागतो ना? सदा म्हनायचे, अर्जुनभाऊंचा फोन हाय तंवर मी येकला नाय. येक डाव लावून बगा."
मी म्हटलं, बघतो, तुम्ही बसा.
आत येऊन हे लिहितोय. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आहे. ती बाहेर बसलीय, कान इकडेच. जोडायला एक मिनिट लागतं, हँडल फिरवायला त्याहून कमी. मग तिच्यादेखत ऐकत उभं राहायचं, तो उचलतो का.